कवळी तयार आहे!

एकदा मनावर घेतलं की मी मागे हटत नाही! बायको दंतवैद्य आणि मी तिच्या दवाखान्याचा स्वयंघोषित कॉम्प्युटरप्रमुख. पेशंटची सगळी माहिती डेटाबेसात. एका कोष्टकात नावं, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात उपचार. पण काही शोधायचं म्हटलं की काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसा! मी जाहीर केलं, "आज असं टूल निवडतो की सगळं चित्रासारखं समोर दिसेल. माउस हलवा, काम करा!"

"निवड," बायको हातमोजे चढवत म्हणाली. "पण माझ्या एका जरी पेशंटला त्रास झाला, तर त्या कॉम्प्युटरला पुन्हा शिवायचं नाही."

पहिलं टूल झकास होतं. कोष्टकाच्या डोक्यावर एक रिकामी ओळ. तिथे शब्द लिहिला की तेवढेच पेशंट उरायचे. दुसरं टूल त्याहून देखणं! तिथेही वर रिकामी ओळ. कुणाकुणाच्या कवळ्या तयार आहेत ते बघावं, म्हणून मी ऐटीत 'कवळी तयार' लिहून एंटर मारलं.

एकही पेशंट गळला नाही. उलट झाडून सगळ्यांच्या नावापुढे 'कवळी तयार' उमटलं! या टूलमधली ती ओळ शोधण्यासाठी नव्हतीच, अख्खा रकाना एका फटक्यात भरण्यासाठी होती. आणि तो रकाना बदलला की पेशंटला आपोआप मेसेज जायचा. ही सोय मीच हौसेने करून घेतलेली!

रिसेप्शनिस्टबाई धावत आल्या. "साहेब, फोन थांबतच नाहीयेत! एक आई विचारतेय, कवळी कसली? पोरीचे अजून दुधाचे दात पडायचेत!"

"सांगा, चुकून गेला."

"आणि एक नवरदेव आहेत. मेसेज आला तेव्हा मोबाइल होणाऱ्या सासऱ्यांच्या हातात होता!"

पण हात टेकणाऱ्यातला मी नव्हे! तिसरं टूल उघडलं, तोच रकाना पकडला आणि ठणकावून लिहिलं, 'कवळी तयार नाही'.

लगेच सगळ्यांना दुसरा मेसेज गेला: 'क्षमस्व, आपली कवळी अद्याप तयार नाही.'

या वेळी नवरदेवाचा फोन मीच उचलला. "अहो, आता सासरे विचारतायत, लग्नापर्यंत तरी होईल का!"

"कोण आहे?" दारात बायको उभी होती. मी मेसेजचा आणि सासऱ्यांचा सगळा घोळ सांगून फोन तिच्या हातात दिला.

"सासऱ्यांना द्या," ती म्हणाली. "नमस्कार, मी डॉक्टर बोलतेय. तुमच्या जावयांचे सगळे दात अस्सल आहेत. मी स्वतः ठोकून बघितलेत!" लग्न वाचलं. मग तिने आपल्या प्रोग्रॅमर भावाला बोलावलं. त्याने डेटाबेसाची सकाळी जपून ठेवलेली प्रत परत चढवली, आणि मी उरलेला दिवस पेशंटना माफीचे फोन करत बसलो.

संध्याकाळी मी पुन्हा छाती काढून म्हणालो, "काहीही म्हण, घ्यायचं तर ते दोन नंबरचं देखणं टूलच!"

मला वाटलं, आता कॉम्प्युटर कायमचा सुटला. पण बायको शांतपणे म्हणाली, "घेऊ या." मेव्हण्यानेही मान डोलावली. शेवटी माझीच निवड पक्की झाली!

आता मी रोज त्या कॉम्प्युटरसमोर रुबाबात बसतो. कोष्टकं, त्यांना जोडणाऱ्या रेघा, रंग, सगळं कसं लख्ख दिसतं. फक्त एखादं अक्षर बदलायला गेलो, की टूल अदबीने सांगतं, 'आपल्याला केवळ पाहण्याची परवानगी आहे.'