शिकार न करणाऱ्या बाईचा बाण

सुमतीताई वर्तमानपत्र वाचत नसत. त्यातून बाण मारत आणि मग फाटलेली जागा वाचत.

अमिरातीतल्या अल ऐनला आमच्या शेजारच्या व्हिलाच्या मागच्या अर्ध्या भागात त्या राहायच्या. त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या, मी शाळेत गणित शिकवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शुक्रवारी सकाळी गेलं की दारातच प्रश्न, "पेपर आणलास?" आणला असेल तरच चहा. मग तो पेपर अंगणातल्या लाकडी चौकटीवर ताणून बसवायचा, त्यामागे जुन्या गाद्यांची थप्पी लावायची आणि अगदी दोन पावलांवरून बाण सोडायचा.

"एवढ्या जवळून तर मीही मारीन," मी एकदा म्हटलं.

"लांब गेला की बाण स्वतःला सावरून घेतो गं. खरी चूक जवळूनच दिसते. माणसांचंही तेच."

बाण सरळ गेला, तर कागदाला गोल भोक आणि पिसांच्या बारीक चिरा. शेपूट हलवत गेला, तर लांबलचक फाटतं. सुमतीताई चष्मा कपाळावर चढवून ती फाटलेली जागा उजेडात धरायच्या, एक्स-रेची फिल्म धरावी तशी. "शेपूट वर उडतंय. हं." मग बाण ज्यावर टेकतो तो टेकू केसभर सरकवायचा, पुन्हा नवा पेपर. मला भीती वाटायची की आपला कागद वाया जातोय. त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "फाटू दे! फाटल्याशिवाय कळत नाही."

हे धनुष्य देवादिकांच्या चित्रातलं नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या केबली, असं शिकारीचं कंपाउंड धनुष्य. हॉस्पिटलातला एक कॅनेडियन दातांचा डॉक्टर नोकरी सोडून निघाला, तेव्हा तो ते कचऱ्यात टाकत होता. "खलास. सरळ मारतच नाही," असं तो म्हणाला. सुमतीताईंना 'खलास' हा शब्द खपत नसे. ते धनुष्य त्या काखेत मारून घरी घेऊन आल्या.

त्याच वर्षी पालकर, म्हणजे त्यांचे यजमान, गेले होते. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका समाचाराला आल्या आणि म्हणाल्या, "आता साताऱ्याला दिरांकडे जाऊन राहा. बाईमाणसानं एकटं इथे..."

"का? माझा व्हिसा माझ्या नावावर आहे," सुमतीताई म्हणाल्या आणि चहाचे कप उचलायला लागल्या. काहींचा चहा अर्धाच झाला होता.

नंतर त्याच बायकांनी हळदीकुंकवात मला गाठून विचारलं, ही शिकार तरी कुणाची करणार? इथे तर शिकारीला बंदी. मी तो निरोप पोचवला. सुमतीताई मटण आवडीने खात, पण स्वयंपाकघरातलं झुरळ कागदावर घेऊन बाहेर सोडत. त्या उसळल्या. "शिकार करायची नाही म्हणून बाण वाकडा जाऊ द्यायचा?"

गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांशी धनुर्धारींचा एक छोटा क्लब होता. तिथले सेक्रेटरी कुरियन, भले गृहस्थ. वर्षातून एकदा क्लबात फोमची हरणं, रानडुकरं मांडत आणि त्या दिवशी खरी शिकारीची पाती लावायला परवानगी असे. सरावाचं बोथट टोक चूक पोटात घालतं. शिकारीचं पातं पंखासारखं वारा धरतं आणि धनुष्याची चुगली करतं. सुमतीताईंचे बोथट बाण मधोमध लागत, पात्याचे मात्र हातभर खाली जात.

"मॅडम, पीछे बडा पंख लगा लो. सीधा जाएगा," कुरियन म्हणाले.

"सीधा जाएगा, की सीधा दिखेगा?"

"वही बात है ना, मॅडम."

"बिलकुल नहीं है!"

"तो छोटा बो ले लो. लेडीज के लिए..."

पुढचं वाक्य कुरियननी गिळलं. मी बघितलंय ना, त्यांच्या गळ्याची घाटी खाली गेली.

अख्खा हिवाळा पेपर फाटत राहिले. टेकू वर घे, खाली घे, काही केल्या शेपूट उडायचं थांबेना. शेवटी एका शुक्रवारी ताईंनी मला चाकांकडे बघायला बसवलं आणि स्वतः दोरी ओढून हळूहळू सैल सोडली. वरचं चाक खालच्याच्या किंचित मागे राहत होतं. कॅनेडियनने धनुष्य उन्हाळाभर गाडीच्या डिकीत टाकलेलं. इथल्या उन्हात एक केबल सैल पडली होती. क्लबच्या शिकंज्यात धनुष्य दाबून ती केबल पिळून घट्ट केली. शिकंजा कुरियननीच फिरवला. पुढच्या कागदावर गोल भोक आणि तीन चिरा. ताईंनी तो कागद माझ्या तोंडासमोर नाचवला.

स्पर्धेच्या दिवशी त्या सलवार-कमीज, वर पालकरांचं जाकीट, अशा उभ्या राहिल्या. पहिला बाण फोमच्या हरणाच्या छातीत. दुसरा त्याला खेटून. डुकरालाही तसंच. पुरुषांमध्ये दोघे त्यांच्या पुढे होते, पण टाळ्या ताईंना पडल्या. कुरियन म्हणाले, "मॅडम, मान गए." ताई म्हणाल्या, "बहोत देर से माने."

परतताना त्या गाडीत एकसारख्या बोलत होत्या. त्यांच्या फाटकाशी मी गाडी थांबवली, तर त्या उतरेनात.

"एसी चालू ठेव," त्या म्हणाल्या. "जरा बसते."

मी थांबले.

"हे असते ना, तर म्हणाले असते, एवढ्याशासाठी हिवाळाभर खटपट? राहू दे की, सुमती. तीस वर्षं मला राहू दे, राहू दे म्हणाले. आणि मी प्रत्येक वेळी भांडले." त्यांनी जाकिटाची बाही ओढून सरळ केली. "आता घरात गेले की राहू दे म्हणायलासुद्धा कुणी नाही."

मला धनुष्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण मी म्हटलं, "खरं सांगू का ताई? तो दुसरा बाण मला जरा डावीकडेच वाटला."

त्या सावकाश माझ्याकडे वळल्या.

"डावीकडे?"

"थोडासा."

"कोण म्हणतं डावीकडे? तू उभी होतीस कुठे? उन्हात डोळे मिचकावत!" दार धाडकन उघडलं. "उतर. आधी गाडी बंद कर आणि उतर! चहा टाकते आणि दाखवते तुला डावं कशाला म्हणतात ते."

मी उतरले. दुपारचं जेवणही तिथेच झालं, आणि मी शेवटपर्यंत कबूल झाले नाही.