कुमुदअक्कांचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून काय काय देतात. कुणी स्टीलची वाटी, कुणी गाळणी, कुणी कंगवा-आरसा. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कुमुदअक्का गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी देतात. म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटात एक मऊ ब्रश, एक झाकणाची नळी आणि घरच्या घरी नमुना कसा घ्यायचा याची चित्रं. सोबत तिळगूळ.

बरं, हे त्या स्वतःच्या घरी देत नाहीत, माझ्या घरी देतात. अक्कांचं लग्न झालेलं नाही. त्यामुळे हळदीकुंकू करायचा आपल्याला अधिकार नाही, पण दुसरीच्या हळदीकुंकवात घुसायचा आहे, असा त्यांचा हिशेब.

यंदा पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. पैठणी नेसून सोफ्यावर बसल्या होत्या. अक्कांनी पाकीट त्यांच्या ओटीत टाकलं आणि हॉलच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वैनी, गर्भाशयाचं तोंड डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलंत?"

सासूबाईंनी पदर सावरला. धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं.

अक्का चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. कैक पिढ्या बेंगळुरात गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कुठून शिरतं आणि कुठून निघतं ते त्यांनाही कळत नाही. एका प्रयोगशाळेत त्यांनी याच रोगावर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर जे. पी. नगरात एकट्या राहायला आल्या. काम संपलं, बोलणं संपलं नाही. आपण जे शब्द डॉक्टरसमोरही गिळतो, ते अक्का लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, कुठेही बोलतात. कुणी लाजलं की म्हणतात, "लाज कपाटात ठेव, चावी मला दे." एकदा ऑटोत त्यांनी मला सगळा विषय समजावला. ड्रायव्हर आरशातून बघतोय म्हणून मी ओढणीत तोंड लपवलं. उतरताना त्यानं बायकोसाठी एक पाकीट मागून घेतलं.

तर त्या दिवशी सासूबाई गप्प बसल्या म्हणून अक्कांना वाटलं, त्यांना समजलं नाही. त्यांनी माझ्या तबकातलं टिकल्यांचं पाकीट उचललं आणि मोर्चा स्विचबोर्डाकडे वळवला.

"स्वल्प इकडे बघा सगळ्याजणी. एचपीव्ही म्हणून विषाणू असतो. नवराबायकोच्या संबंधातून येतो, बहुतेकींचा आपला आपण जातो. एखादीचा राहतो. राहिला म्हणून लगेच कॅन्सर नाही. पेशीत कॅन्सरला अडवणारी जनुकं असतात, ही बटणं समजा. त्यांच्यावर मिथाइल नावाचं रसायन बसतं." त्यांनी एकेका बटणावर टिकली चिकटवली. "बसलं की बटण आहे, पण दिवा लागत नाही. विषाणू आहे का ते आधी बघायचं. असला तर मग टिकल्या बसल्यात का ते बघायचं. सरी?"

सरी, म्हणजे बरोबर, असं कोण म्हणणार? सगळ्या तिळगूळ चघळत होत्या. एवढ्यात सासूबाईंना सूड घ्यावासा वाटला असावा. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "आणि तुम्ही केलीत का हो तपासणी?"

अक्का टिकल्यांच्या पाकिटाची घडी करू लागल्या. मग म्हणाल्या, "मला कशाला? माझं लग्न कुठे झालंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला तर जरा बरंच वाटलं, एकदाच्या गप्प झाल्या म्हणून.

महिनाभरानं अक्कांनी माझी बेल वाजवली. आत आल्या नाहीत. दारातच चपलांकडे बघत म्हणाल्या, "मेधा, मला डाग दिसतोय. या वयात दिसायला नको. माझ्यासोबत येशील? व्हाइटफील्डला जाऊ."

"इतक्या लांब?"

"इथल्या सगळ्या दवाखान्यांत मीच बायका पाठवल्यात गं."

व्हाइटफील्डच्या दवाखान्यात नर्सनं कागदावरचं 'कुमारी' वाचलं आणि विचारलं, "मदुवे आगिदेया?" लग्न झालंय का? अक्कांनी नकारार्थी मान हलवली. मग एचपीव्हीची गरज नाही, असं म्हणत ती त्या चौकटीवर काट मारायला लागली. लिफ्टमध्ये गर्भाशयावर भाषण देणारी ही बाई अगदी लहान झाली होती. कानाच्या पाळ्या लाल. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "बेकु." पाहिजे.

नर्सनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहत राहिले. परतीच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीत अक्कांनी ड्रायव्हरपुढे पाकीट काढलं नाही.

डाग वयामुळे आलेल्या कोरडेपणाचा निघाला. पण विषाणू सापडला, म्हणून तोच नमुना मिथायलेशनसाठी, म्हणजे टिकल्या बसल्यात का ते बघायला, पुढे गेला. त्या दिवसांत अक्कांच्या घरून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मी डबा नेऊन द्यायची, त्या दार अर्धंच उघडायच्या.

मग एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. "टिकल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "बटणं सगळी चालू आहेत. वर्षानं पुन्हा बघायचं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"आमच्याच प्रयोगशाळेत होता," त्या म्हणाल्या. "संसार होता त्याला. गेला तेव्हा मी ऑफिसातली म्हणून शोकसभेत मागच्या रांगेत बसून आले. फोटो नाही, काही नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं गपचूप राहतो गं. कुणाकडून आला ते इतर बायकांना सांगता येत नाही. मला येतं."



"वर्षभरात जाईलही बहुतेक," अक्का म्हणाल्या. "जायलाच पाहिजे. मीच सगळ्यांना सांगते. पण जाईल म्हटलं की मला रडू येतं, मेधा. एवढी शिकलेली मी. लाज वाटते ती याची."