झुब्यांस पात्र कान

काम बिघडणं हा दोष नव्हे. नियमावाचून बिघडणं हा दोष. हे तत्त्व निपाणीत सर्वप्रथम उमगलं ते तंबाखूचे व्यापारी आप्पाण्णा यांना, आणि तेही थोरल्या सुनेचा शिवलेला कान दुसऱ्यांदा फाटल्यावर. साल एकोणीसशे सदतीस.

सून चंपाबाई. घराण्याच्या सोन्याच्या झुब्यांनी तिच्या डाव्या कानाची पाळी उभी चिरली होती. डॉक्टर मारुतीरावांनी ती दोनदा शिवली. (याला आता प्लास्टिक सर्जरी म्हणतात. तेव्हा नुसतं ‘कान शिवणं’ म्हणत, त्यामुळे भीतीही बेताचीच वाटे.) दोन्ही वेळा जखम छान भरली, आणि दोन्ही वेळा झुबे चढवताच पाळी पुन्हा दुभंगली.

डॉक्टर म्हणाले, “आप्पाण्णा, आता एकदाच शिवता येईल. त्यापुढं शिवायला पाळीच उरायची नाही. भोक बुजवून टाकतो, सहा महिने कानात काही घालू नका. झुब्यांचं वजन तरी आहे किती?”

“त्ये घरातलं हाय,” आप्पाण्णा म्हणाले. “तुम्ही तुमच्या टाक्याचं बघा. धाकट्याचा साखरपुडा पुढच्या म्हैन्यात हाय. चिकोडीची माणसं येणार. थोरलीचा कान मोकळा दिसला तर काय म्हंतील?”

डॉक्टरांनी मान डोलावली. माणूस शिकलेला होता.

दवाखान्याचं टेबल आप्पाण्णांनीच दान दिलेलं, त्यामुळे शस्त्रक्रियेतल्या दोषांचा त्यांना मोठा कळवळा. त्यांनी ‘कर्णदोष प्रतिबंधक समिती’ नेमली. अध्यक्ष स्वतः. सभासद म्हणून एक सोनार (कानाशी रोजचा संबंध), एक शिंपी (टाक्यांचा दांडगा अनुभव) आणि एक निवृत्त कारकून (कशाशीच संबंध नाही, पण अक्षर मोत्यासारखं). डॉक्टरांना मात्र घेतलं नाही. निःपक्षपातीपणाही काही असतो!

समितीनं गावभर कसून पाहणी केली. फाटलेले कान झाडून सगळे बायकांचे निघाले आणि पुरुषांचे कान शाबूत. यावरून बायकांची पाळीच मुळात हलक्या प्रतीची असते, हे सिद्ध झालं. मग नियम ठरले. सुई तीनदा उकळावी. दोरा रेशमीच असावा. डॉक्टरांनी नखं कापावीत. रुग्णानं टाके निघेपर्यंत हसू नये. (चंपाबाईनं हा नियम आधीपासूनच पाळला होता.) आणि भोक बुजवू नये, कारण जो कान दागिना पेलत नाही तो बरा झाला असं म्हणायचं तरी कसं?

चंपाबाईचीही जबानी झाली. सासऱ्यांपुढं मान खाली घालून ती म्हणाली, “झुबं लई जड हाईत, मामंजी. पाळी परत तुटंल असं वाटतंय.”

कारकुनानं ‘रुग्णाची शस्त्रक्रियेबद्दल तक्रार नाही’ अशी नोंद केली. तिची तक्रार दागिन्याबद्दल होती, आणि दागिना समितीच्या कक्षेबाहेर होता.

नियमांबरहुकूम कान तिसऱ्यांदा शिवला. साखरपुड्याच्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी झुबे चढवले. चिकोडीकर बायकांनी ते नुसत्या नजरेनं तोलले, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि आप्पाण्णांना भरून पावल्यासारखं झालं. एवढ्यात चंपाबाई बासुंदी वाढायला वाकली आणि तिची पाळी सुटली. तिनं पदर कानाशी दाबून धरला आणि एका हातानं पंगत पुरी केली. कुणाच्या पानात रक्ताचा थेंब पडला नाही. घरचं वळणच तसं होतं.

समितीनं दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. पाळी टेबलावर फाटली नसून पंगतीत फाटली, सबब ही घरगुती बाब. दवाखान्यातले दोष शून्य. डॉक्टरांना हार घातला, तो त्यांनी मुकाट्यानं घेतलाही. शिवायला आता पाळीच उरली नव्हती, त्यामुळे ती पुन्हा फाटण्याचं भयही कायमचं गेलं. उजवा कान अजून धड होता. तो आप्पाण्णांनी पुढील कामकाजासाठी समितीच्या हवाली केला.

एवढं सगळं सांगून झुब्यांचं वजन तेवढं सांगितलं नाही, म्हणून वाचक मघापासून चुळबुळतो आहे, हे दिसतंय. तर घ्या: जोडी मिळून पाच तोळे. झालं समाधान? आता चंपाबाईला कितपत दुखलं, हे विचारायचं समितीकडून राहून गेलं होतं. तुमच्याकडूनही राहिलंच की.