गादीवाल्याची स्पोर्ट्स कार

“आज त्या विमावाल्यांना सरळच करून येतो,” असं बायकोला बजावून गादीवाला घराबाहेर पडला. सकाळपासून त्याचं डोकं तापलं होतं, आणि तापणारच! ज्या गाडीला सायकलवाले हसत हसत मागे टाकत, तिला विमा कंपनीने स्पोर्ट्स कार ठरवून हप्ता तिप्पट केला होता. जुना विमा आज संपत होता. उद्या वसतिगृहात चाळीस गाद्या पोचवायच्या होत्या, आणि विम्याचा कागद बघितल्याशिवाय तिथला रखवालदार फाटक उघडत नसे.

असं कसं झालं, ते विमा कंपनीच्या ऑफिसात तपासणीस बाईंनी अगदी थंडपणे सांगितलं. दारं दोन, सीट दोन, छत नाही, असं फॉर्मवर त्यानेच भरलं होतं. तेही खरंच होतं. मागची दारं चालत्या गाडीत उघडायची म्हणून त्याने ती वेल्डिंग करून कायमची बंद केली होती. गाद्यांच्या चळतीसाठी मागची सीट काढली, मग छतही कापलं. हे सगळं लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

“बसा गाडीत. दाखवतोच तुम्हाला स्पोर्ट्स कार,” गादीवाला गुरगुरला.

ऑफिसपुढच्या चढावर गाडी चार वेळा खोकली आणि थांबली. बाईंना उतरून धक्का मारावा लागला, तोंडावर काळा धूर घ्यावा लागला. गादीवाल्याला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. गाडीचा एकेक दोष तो त्यांना बोट दाखवून मोजून दाखवत होता. अखेर बाईंनी तोंड पुसलं आणि फॉर्मवर काट मारली.

“तुमचं बरोबर आहे. ही स्पोर्ट्स कार नाही.”

गादीवाल्याची छाती फुगली.

“ही बंद गाडी आहे. बंद गाडीचा विमा आम्ही काढत नाही.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बंद? अहो, अठरा वर्षं हिच्यावर माझं घर चाललंय! उतारावर ऐंशीने पळते ही. मोठमोठ्या गाड्या बाजूला होतात!”

“ऐंशीने?” बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. “मग काय लिहू? बंद, की स्पोर्ट्स?”

संतापाने त्याचे कान लाल झाले होते, पण डोळ्यांपुढे चाळीस गाद्या उभ्या होत्या.

“स्पोर्ट्स लिहा,” तो दातओठ खात म्हणाला. तिप्पट हप्ता भरून, पावती खिशात घालून तो गाडीत बसला. किल्ली दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मग मान खाली घालून त्याने बाईंना अगदी हळू आवाजात विचारलं, “मॅडम, जरा मागून हात लावता का?”