अप्पांची टेकडी

अप्पांच्या दुकानात पातेलं घ्यायला गेलात, तर आधी इंग्लंडमधल्या एका चर्चचं हवामान ऐकावं लागतं.

उदगीरच्या आमच्या गल्लीत शिवलिंगअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. त्याला लागून माझं, पण मी इथं नवा. अप्पांच्या गल्ल्यावर झाकणांच्या चळतीला टेकवलेला मोबाइल, आणि त्यात दिवसभर एकच चित्र: हिरवी टेकडी, वर जुनं दगडी चर्च, भोवती गवतात कबरी. तिथल्या लोकांनी कॅमेरा बसवलाय म्हणे. बाहेर ऊन रणरणत असतं आणि अप्पा सांगतात, "आमच्या टेकडीवर आज धुकं हाय." गिऱ्हाईक कढईचा भाव विचारतं, तर म्हणतात, "दम धरा, ढग सरकू द्या."

कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि डोळे चर्चवर. मी एकदा छेडलंच. अप्पा शांतपणे म्हणाले, "बांधकाम बघा की. आपल्या किल्ल्यासारखंच जुनं, पण झाडलोट करतेत ते लोक." तिथल्या पुजारीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी कुणाबरोबर तरी तेलाची बाटलीसुद्धा पाठवली होती. बाईंना टेकडी चढवत नसेल, ही यांना काळजी.

गेल्या महिन्यात तिकडच्या वादळात कॅमेरा बंद पडला. अप्पांनी ऐन बाजाराच्या दिवशी शटर अर्धं ओढलं. मी चहा घेऊन आत गेलो, तर ते काळ्या पडद्यापुढं बसलेले.

"माझा महेश हाय तिथं," ते म्हणाले. "आज कसं हाय काय, कळंना."

महेश त्यांचा एकुलता एक. तिकडं दवाखान्यात नोकरीला होता, लॉकडाऊनमध्ये गेला. विमानं बंद, देह आणता येईना. पुजारीणबाईंनी त्याच्या मित्राकरवी फोनवर विचारलं, चर्चच्या आवारात पुरू का?

"आपल्या लिंगायतांत मातीच देतेत, म्हणून मी हाव म्हणलो. पण बसवून देतेत, हे सांगायचंच राहिलं बघा. मांडी घालून, हातात लिंग ठेवून. त्यांनी त्यांच्या रीतीनं आडवं ठेवलं पोराला. मला कळलं तवा माती पडली होती."

मी कप त्यांच्यापुढं सरकवला. चहा निवत राहिला.

"भिंतीकडली जागा त्याची. रोज बघतो, अन् रोज वाटतं, उठवून नीट बसवावं." अप्पांनी उपरण्यानं पडदा पुसला. "मग म्हणतो, लई झोपाळू होता. सकाळी दुकानासाठी हाका मारून मारून मी दमायचो, तर म्हणायचा, अप्पा, अजून जरासं पडू द्या की."

त्यांनी मोबाइल परत झाकणांना टेकवला.

"कधी पडू दिलं न्हाई हो मी त्याला."