चातुर्मासातली कृत्रिम लसूण

डॉ. देविका यांच्या केसांना ऐन चातुर्मासात लसणीचा वास येतो, अशी तक्रार ओमानमधल्या सीब शहरातल्या मराठी कुटुंबांच्या आहारशुद्धी समितीपुढे रीतसर दाखल झाली. प्रकरण गंभीर होतं. गणपतीच्या नैवेद्याचे मोदक करण्याचा मान यंदा देविकाचा होता. कित्येक वर्षं पंगतीत मीठ-लिंबू वाढल्यावर मिळालेला तो पहिला मान, आणि त्यासाठी तिच्या आईने पुण्याहून तांब्याचं मोदकपात्र धाडलं होतं.

समितीचे अध्यक्ष दयानंदराव यांच्या दिवाणखान्यात, फुल एसीत चौकशी झाली.

"मी लसणीला हातही लावलेला नाही," देविका म्हणाली. "कॉलेजच्या लॅबमध्ये मी गंधकाची असंतृप्त संयुगं तयार करते. लसणीला वास देणारं द्रव्य त्यांतलंच एक. पण मी ते रिफायनरीतून निघणाऱ्या वायूपासून बनवते. त्यात लसणीची पाकळीसुद्धा नसते."

आषाढीपासून लसणीच्या चटणीवाचून भाकरी गिळणारे दयानंदराव सोफ्यावर पुढे सरकले.

"पाकळीसुद्धा नाही?"

"नाही."

"मग ते चालतं की!"

"अहो काका, बाटलीवर 'खाण्यास अयोग्य' लिहिलंय. पोटात गेलं तर हॉस्पिटल गाठावं लागेल."

"तेच म्हणतोय मी. जो खाद्यपदार्थच नाही, त्याला खाद्यपदार्थांवरची बंदी लागू कशी होईल? खलास!"

ठराव एकमताने मंजूर झाला. नैसर्गिक लसूण निषिद्ध, कृत्रिम लसूण ग्राह्य. देविकाने बाटली समितीकडे जमा करावी, म्हणजे तिचं निर्दोषत्व आपोआप सिद्ध होईल. देविकाने साफ नकार दिला.

समितीचं काही अडलं नाही. सचिव मंगलाताईंनी सुपरमार्केटमधून लसणीच्या पेस्टच्या बरण्या आणल्या, लेबलं खरवडून काढली आणि प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरात 'कृत्रिम' असं लिहिलं.

गणपतीच्या सकाळी देविका मोदकपात्र घेऊन पोचली, तेव्हा आमटीला फोडणी बसत होती.

"मंगलाताई, ही तर खरी लसूण आहे!"

"कशावरून?"

"वासावरून. माझं कामच आहे ते."

मंगलाताईंनी पदराला हात पुसले आणि अध्यक्षांना हाक मारली. "ऐकलंत? चातुर्मासात हिला खरी लसूण ओळखता येते. सराव असल्याशिवाय येईल का?"

पुरावा बिनतोड होता. "पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला," असं म्हणत दयानंदरावांनी तिच्या हातातलं मोदकपात्र अलगद काढून घेतलं. पात्राविरुद्ध तक्रार नव्हती. देविकाला रडू आलं, आणि कांदाही बंद असल्यामुळे ते लपवायला काही निमित्त उरलं नाही.

मोदक मंगलाताईंनी केले. निम्मे फुटले. पण आमटी अशी जमली होती की पंगत उठेना. इतका कडक चातुर्मास पाळूनही जेवण इतकं चविष्ट कसं, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

तुम्हीही होतात की त्या पंगतीत. आमटीसाठी दोनदा वाटी पुढे केलीत, आणि दारात चपला घालणारी देविका दिसताच नाकाला रुमाल लावलात.