कुंदाबाईंचा दोर

आमच्या शेजारच्या कुंदाबाई पोरांना पोहायला शिकवतात, पण स्वतः कधी पाण्यात उतरत नाहीत. पळसदरीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारण विचारलं, तर भर मे महिन्यातही सांगतात, "मला सर्दी होते."

पदर खोचून त्या विहिरीच्या पायरीवर बसतात. पोराच्या पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, दोराचं टोक बाईंच्या मुठीत. पोर "सोडा" म्हणेपर्यंत मूठ उघडत नाही. एकदा घरी आलेले व्याही वाट बघून परत गेले. बाई दोर धरून बसल्या होत्या.

आमच्याकडची रीत वेगळी. काका-मामा पोराला गप्पांत गुंतवतात आणि मागून ढकलतात. बाईंना हे खपत नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या त्या, स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून म्हणतात, "पोरांचं हितं बांधकाम चालू हाय. लहान पोर कुणावरही विश्वास टाकतं. बारा-तेराच्या वयात मेंदू पारख करायला शिकतो, कोण धरील, कोण सोडील. ओल्या सिमेंटावर पाय देऊ नका रं."

माझी बायको गेली तेव्हा सई, आमची मुलगी, तेरा वर्षांची होती. आई सोमवारी घरी येणार, असं दवाखान्यात तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. त्यानंतर ती कुणाचंच खरं मानेना. स्टेशनवर घ्यायला येतो म्हटलं, तरी आधीच रिक्षा करून यायची.

बाईंनी तिला विहिरीवर बोलावलं.

"तुम्ही पण सोडाल," सई म्हणाली.

"मग नको उतरू. मी बसते हितंच."

सगळा उन्हाळा दोघी कोरड्या दोराची दोन टोकं धरून बसल्या. काठावरून गावातला बबन ओरडायचा, "बाई, मासा लागला का गळाला?"

"गप रं. तुला ढकलला व्हता, म्हणून तू अजून बायकोला मोबाईल दाखवत नाय."

एका सकाळी सई उतरली. दोर ताणला, मग सैल झाला. मधोमध पोचल्यावर ती म्हणाली, "सोडा." बाईंनी मूठ उघडली. सईनं विहिरीत पुरती फेरी मारली. बबननं शिट्टी मारली. मी बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

वर येऊन तिनं पाठीवरचा भोपळा सोडला आणि बाईंपुढं धरला. "आता तुम्ही."

"मला सर्दी होते गं."

"बाई, तुम्हाला कुणी ढकललं होतं?"

"आमच्या वडलांनी. तुझ्याएवढी व्हते."

सईनं भोपळा त्यांच्या पाठीला बांधला, कमरेला दोर बांधला. बाई एकेक पायरी उतरल्या. पाणी छातीला लागलं, तसं त्यांनी मागं वळून बघितलं. "धरलायस ना गं?"

"तुम्ही सोड म्हणेपर्यंत."

बाई तरंगल्या. 'सोड' मात्र काही म्हणेनात. शेवटी दुपारचं जेवण मी दोघींसाठी विहिरीवरच नेलं.